सिगारच्या शेवटच्या हिश्श्याचा जाणकार

सिगारच्या पहिल्या दोन हिश्श्यांबद्दल मला काही विचारू नका. शेवटच्या हिश्श्याबद्दल मात्र एके काळी इंदुरात माझा शब्द चालायचा. होंडुरासचा सिगार संपता संपता किती तिखट होतो, डोमिनिकनचा कुठे फिका पडतो, निकाराग्वाचा घसा कसा धरतो, हे मी बसल्या जागी सांगायचो आणि माझ्या सांगण्यावरून लोक दुबईच्या भाच्यांना निरोप धाडायचे. हे ज्ञान आपल्याकडे आलं कुठून, याचा मी बराच काळ विचारच केला नाही. मग एकदा करायला लागलो आणि झोप उडाली.

आमची मिल बंद पडली होती. मी सूतखात्यात असिस्टंट होतो, पण मिलमध्ये सगळे मला मास्टर म्हणायचे आणि म्हणवून घ्यायला माझं काय जात होतं? भोंगा थांबला तसं ते नावही थांबलं. बायको सरकारी शाळेत शिक्षिका, तिच्या पगारावर घर चालायचं. मी सकाळी डबा भरून द्यायचो, दुपारी पेपर उलटापालटा वाचायचो. गल्लीतली माणसं आता मला मॅडमचे मिस्टर म्हणू लागली होती. मला ते फार लागायचं. बोलून दाखवत नव्हतो, पण लागायचं.

अशात एका एप्रिलमध्ये पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेठजींचा निरोप आला. त्यांचं वर्कशॉप आमच्या मिलला सुटे भाग पुरवायचं, म्हणून ओळख. मिल्स बुडाल्या तसे ते हुशारीने पीथमपूरच्या गाड्यांचे भाग करायला लागले आणि तरले. मी गेलो तर ऑफिसच्या मागच्या खोलीत टेबलावर सिगार मांडून बसलेले, चेहरा असा की घरात कुणी आजारी आहे.

"मास्टर, ज़रा देखो तो, मेरे सिगार मर रहे हैं."

इंदूरच्या लूच्या कोरड्या वाऱ्याने त्या सिगारांची वरची पानं तडकली होती. मला हसू आलं. कोरड्या हवेत सूत तुटतं तसंच पानही तुटणार, त्यात नवल काय? खात्यातली हवा दमट ठेवणं हे तर माझं निम्मं आयुष्य होतं. मी त्यांचं एक लोखंडी कपाट रिकामं केलं, आतून देवदारच्या फळ्या लावून घेतल्या, खाली पसरट भांड्यात ओला स्पंज ठेवला आणि मिलच्या भंगारातून आणलेला हवेतली ओल मोजायचा जोडतापमापक आत टांगला. पंधरवड्यात पानं पुन्हा मऊ झाली. शेठजी खूश झाले. म्हणाले, "रविवार को आ जाया करो. दो-तीन शौकीन बैठते हैं."

शौकीन म्हणजे तिघं. एक शेठजी स्वतः. दुसरे डॉक्टरसाहेब, इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, वय झालेलं, दवाखाना मुलाकडे सोपवून मोकळे झालेले. तिसरे मॅनेजरसाहेब, माझ्याहून लहान, पुण्याहून बदलून आलेले. विजय नगरला नव्याने उघडलेल्या एका कंपनीच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. चौथा मी.

रविवारी सकाळी नऊला पोहे-जिलबी व्हायची, चहा व्हायचा, मग कपाट उघडायचं. बाजार तेव्हा नुकता खुला झालेला. ज्या वस्तूंची नावं आम्ही मासिकांत वाचायचो त्या कुणाच्या तरी बॅगेतून चक्क इंदुरात उतरत होत्या. पण क्यूबाचं नाव त्या खोलीत काढायचं नाही, असा शेठजींचा नियम होता. त्यांना एकदा कुणीतरी क्यूबाचा म्हणून डबा गळ्यात मारला होता आणि आत निघाला होता बिडीच्या लायकीचा चुरा. तेव्हापासून क्यूबाचा सिगार दाखवणारा माणूस त्यांना चोरच वाटायचा.

"पहला नंबर नकली लेने से दूसरा नंबर असली अच्छा," ते म्हणायचे.

म्हणून आमच्याकडे होंडुरास, डोमिनिकन, निकाराग्वा, फिलिपीन्स, क्वचित सुमात्राचं पान, आणि तोंडी लावायला आपला दिंडिगुलचा चिरूट. कुठला कुणाला सुचवायचा, कुठला कशाला टक्कर देतो, यावर तास तास चर्चा. नवशिक्याला डोमिनिकन द्यावा की फिलिपीन्सचा, यावरून डॉक्टर आणि मॅनेजर असे भांडायचे की ऐकणाऱ्याला वाटावं एखाद्याचं ऑपरेशन ठरतंय.

आता पद्धत सांगतो, कारण सगळी गोम तिच्यातच आहे. चांगला सिगार महिन्यातून एखाददुसरा यायचा, आणि तुलना करायची तर सगळ्यांनी एकाच सिगारबद्दल बोलायला हवं. म्हणून एका बैठकीला एकच सिगार पेटायचा आणि तो चौघांत फिरायचा. ज्याने आणला त्याने पेटवायचा, मग पुढच्याला द्यायचा. पहिल्याच दिवशी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण शेठजी मोठ्याने हसले होते.

"अरे भिया, सिगार में जूठा नहीं होता!"

सगळे हसले. मीही हसलो. मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन बायकोला सांगितलं. आम्ही बौद्ध. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, वडील मिलमध्ये होते, आणि उष्ट्या-खरकट्याच्या, पाण्याच्या, भांड्यांच्या गोष्टी आमच्या घरात पुष्कळ ऐकलेल्या. त्यामुळे एक मारवाडी शेठ, एक जुन्या घराण्यातले डॉक्टर आणि एक पुणेकर आपल्यासोबत एकच सिगार तोंडाला लावतात, ही मला साधी गोष्ट वाटली नाही. मिल गेली, पण जग पुढे गेलं, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं.

बसायची व्यवस्था अशी. एक लांब सोफा, त्यावर ते तिघं. कपाटाजवळ एक लाकडी खुर्ची, तिच्यावर मी. ती खुर्ची मीच निवडली होती हेही सांगितलं पाहिजे, कारण तापमापकावर लक्ष ठेवायला ती बरी पडायची. सिगार सोफ्यावर इकडून तिकडे फिरायचा, तिघांचं बोलून व्हायचं, आणि शेवटचा हिस्सा उरला की माझ्याकडे यायचा.

"मास्टर, आख़िर में कैसा रहा?" शेठजी विचारायचे.

मी सांगायचो. काळी मिरी, जळका गूळ, कधी नुसतं ओलं लाकूड. माझी जीभ बरी असावी, कारण माझं म्हणणं हळूहळू पटू लागलं. डॉक्टर त्यांच्या उज्जैनच्या मित्राला फोनवर सांगायचे, "अरे, सुरुवात मी सांगतो तुला, पण शेवट आमच्या मास्टरला विचारून बोलतोय हं." मी फुशारून जायचो. आठवड्यातून एकदा, दोन तास, मी पुन्हा मास्टर असायचो. त्या दोन तासांसाठी मी शनिवारी रात्रीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचो.

पहिली पाल चुकचुकली ती पाहुणा आला तेव्हा.

मॅनेजरसाहेबांचे कुणी नातेवाईक पुण्याहून आले होते. सोफा भरलेला, म्हणून त्यांच्यासाठी माझ्या खुर्चीच्या पलीकडे एक स्टूल ठेवलं. सिगार सोफ्यावरून निघाला. आता मधे मी, पलीकडे पाहुणे. सरळ हिशेब असा की आधी माझ्या हातात, मग त्यांच्या. मी हात पुढे केलासुद्धा. मॅनेजर उठले, माझ्या खुर्चीला वळसा घालून गेले आणि सिगार पाहुण्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनी ओढला, मान डोलावली आणि मग मला दिला.

पाहुणे आधी. बरोबर आहे. आपल्याकडे तीच रीत आहे. मी घरी आलो आणि जेवताना सहज म्हणून बायकोला सांगितलं.

ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "तुमच्यानंतर कोण ओढतं?"

"कोणी नाही. मी शेवटचा."

"आज?"

"नेहमीच. मी शेवटच्या हिश्श्याचा एक्स्पर्ट आहे ना."

तिने लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. शाळेत एखादं पोर चुकीचं उत्तर छातीठोकपणे देतं तेव्हा ती अशी बघत असणार. "एक्स्पर्ट झालात म्हणून शेवटी मिळतो, की शेवटी मिळतो म्हणून एक्स्पर्ट झालात?"

"तू पण खामखा," मी चिडलो. "प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधायचं."

तिने पोळी तव्यावर टाकली. पण त्यानंतरचा एकही रविवार मला सरळ गेला नाही.

मी पाहायला लागलो. संशयाचं एक असतं, तो एकदा घरात शिरला की स्वतःच्या हाताने खुर्ची ओढून बसतो. मला आता सगळं आठवायला लागलं. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. मूळचे कुठले?" मी म्हटलं, महूचे. त्यावर पुन्हा एक "अच्छा". तेव्हा ते दोन शब्द माझ्या कानावरून गेले होते; आता ते मला रात्रंदिवस ऐकू यायला लागले. पहिला अच्छा आणि दुसरा अच्छा यांत फरक होता. पहिला विचारणारा होता, दुसरा समजलेला.

पण मग मी स्वतःलाच झापायचो. कारण दुसऱ्या बाजूलाही पुरावे कमी नव्हते. होळीला शेठजींच्या घरून आलेल्या पुरणपोळ्या आम्ही चौघांनी एकाच डब्यातून खाल्ल्या होत्या. माझी आई आजारी होती तेव्हा डॉक्टर न बोलावता घरी आले, तिच्या खाटेवर बसले, आमच्या कपातून चहा प्यायले, फीचं नाव काढलं तर रागावले. मॅनेजरसाहेब तर जातपात कशी कालबाह्य झाली आहे यावर बोलायला लागले की शेठजींना जांभया यायच्या. अशा माणसांवर संशय घ्यायचा? नोकरी गेल्यावर माणूस हलक्या मनाचा होतो म्हणतात, आपलं तसं झालंय, असं मी मनाशी ठरवायचो. ठरवायचो आणि रविवारी पुन्हा टक लावून बघायचो.

एकदा मी मुद्दाम लवकर गेलो आणि सोफ्यावर मधोमध बसलो. डॉक्टर त्या दिवशी येणार नव्हते. शेठजी माझ्या एका बाजूला, मॅनेजर दुसऱ्या. शेठजींनी डोमिनिकन पेटवला, दोन झुरके घेतले, आणि माझ्या नाकासमोरून हात लांबवून तो मॅनेजरांकडे दिला.

"साहब, ज़रा देखना, टेढ़ा जल रहा है."

मॅनेजरांनी काडी ओढून जळणं सरळ केलं. मग खात्री करायला म्हणून ओढून पाहिलं. मग शेठजींना परत, आता कसं वाटतंय बघायला. असा तो माझ्या नाकासमोरून जात-येत राहिला आणि माझ्या हातात आला तेव्हा ठरल्याप्रमाणे एक तृतीयांशच उरला होता. आणि गंमत अशी की जळणं खरोखर वाकडं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांच्याकडे दर वेळी एक खरं कारण असायचं.

मी तेही घरी सांगितलं. खरं तर सांगायचं नव्हतं, पण तिच्यापासून माझं काही लपत नाही. ती म्हणाली, "तुमच्या त्या पद्धतीत पेटवायचं कोणी असतं?"

"जो आणतो त्याने."

"मग तुम्ही आणा."

मी हसलो. सिगार काय चिवड्याचं पाकीट आहे? तेवढ्यावर ते थांबलं असं मला वाटलं. पण दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका शनिवारी ती शाळेतून आली आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेले दोन सिगार काढून तिने टेबलावर ठेवले. तिच्या शाळेतल्या एका मॅडमचा भाऊ परदेशातून आला होता, त्याच्याकडून मागून घेतलेले. होंडुरासचे, चांगल्यापैकी. सिगारचा वास आला की डोकं धरून बसणारी बाई, मैत्रिणीकडे जाऊन काय म्हणाली असेल, मला कल्पनाच करवत नाही.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक उद्यासाठी. आणि एक आज. तुम्हाला पेटवता येतो का?"

मला खरंच येत नव्हता. दोन वर्षं सिगारवर मतं देणाऱ्या माणसाने आयुष्यात एक सिगार पेटवला नव्हता.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. तिने पदर नाकाला लावला आणि टाकीच्या पलीकडे जाऊन बसली. मी भाजी चिरायच्या सुरीने टोक कापलं, जरा जास्तच कापलं गेलं. शेठजी करतात तसं काडी लांब धरून, फिरवत फिरवत दुसरं टोक तापवलं. तीन काड्या वाया गेल्या. मग तो पेटला आणि मी पहिला झुरका घेतला.

गोड होता.

मी पुन्हा ओढला. मला वाटलं, जिभेला काहीतरी झालंय. पण तो गोडच होता. ताज्या गवतासारखा, खारकेसारखा, मऊ. हा तोच होंडुरास होता, ज्याबद्दल मी दहा जणांना सांगितलं होतं की हा तिखट आहे, कडक आहे, नवशिक्याचं काम नाही. मी सांगितलेलं खोटं नव्हतं. शेवटाला तो तसाच होतो, तिघांची उष्णता आणि तिघांचं डांबर खाऊन. मी मात्र त्यालाच सिगारचा स्वभाव समजत होतो. सिगार सुरुवातीला गोड असतो हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक की ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

"काय झालं?" तिने टाकीमागून विचारलं. "कडू आहे का?"

"नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि सिगार ओढता ओढता रडणं फार विचित्र दिसलं असतं, म्हणून मी धुराचं निमित्त केलं. तिने ते मानल्यासारखं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी सिगार खिशातून काढून टेबलावर ठेवला तेव्हा शेठजी उभेच राहिले. "अरे वाह! आज मास्टर की तरफ़ से!" त्यांनी मला मिठी मारली. खोटी नव्हती ती मिठी, एवढं मी आजही सांगेन. डॉक्टरांनी सिगार कानाशी धरून बोटांनी हलकेच दाबला, आवाज ऐकला, म्हणाले, "चांगला ठेवलाय हं भिया." मॅनेजर म्हणाले, "नियमाप्रमाणे आज उद्घाटन तुमचं."

मी कटरने टोक कापलं, या वेळी नीट. पेटवला. सावकाश चार-पाच झुरके घेतले, तो गोडवा पुन्हा आला, राख पांढरी आणि घट्ट धरली. मग मी खुर्चीतून उठलो आणि सिगार शेठजींच्या हातात दिला. आता जे व्हायचं ते या सोफ्यावर होणार होतं. तोंडाने मी काही विचारणार नव्हतो, पण उत्तर मला हवं होतं.

शेठजींनी सिगार डोळ्यांसमोर धरला. राखेची तारीफ केली. वरच्या पानाच्या शिरा मोजल्यासारख्या पाहिल्या. नाकाशी नेला. "क्या ख़ुशबू है!" आणि म्हणाले, "डॉक्टर साब, पहले आप. आप बड़े हो." दोन वर्षांत डॉक्टरांचं वय त्यांना पहिल्यांदाच आठवलं होतं.

डॉक्टरांनी घेतला. तोंडापर्यंत नेला आणि छातीवर हात ठेवला. "काल रात्रीपासून जरा अ‍ॅसिडिटी आहे रे. थोडं थांबतो मी. तुम्ही घ्या, तुम्ही घ्या." सिगार मॅनेजरांकडे गेला.

मी मनात म्हटलं, आता हा ओढेल. हा शिकलेला, तरुण, जातपात कालबाह्य म्हणणारा. माझं सगळं लक्ष त्या एका माणसावर लागलं. तो ओढेल तर बाकीच्या दोघांनाही मी माफ करणार होतो.

मॅनेजरांनी सिगार उलटा करून तोंडाकडचं टोक पाहिलं. "टोक जरा ओलं झालंय," ते म्हणाले. "ड्रॉ अडकतोय. थोडं ट्रिम करूया." आणि त्यांनी कटर उचलून, जेवढा भाग माझ्या ओठांत होता तेवढा नेमका उडवला. रुपयाएवढी चकती टेबलावर पडली.

असं करतात, हे खरं आहे. टोक ओलं झालं, डांबर साचलं की शौकीन माणसं पुन्हा कापतात. पुस्तकात लिहिलेलं असतं तसं. फक्त एक गोष्ट होती. ड्रॉ, म्हणजे धुराची ओढ, अडकतोय की नाही हे ओढल्याशिवाय कळत नाही, आणि मॅनेजरांनी अजून सिगार तोंडाला लावला नव्हता.

मग सगळं सुरळीत झालं. मॅनेजरांनी ओढला. शेठजींनी ओढला. डॉक्टरांची अ‍ॅसिडिटी बरी झाली आणि त्यांनीही ओढला. तिघांनी मान डोलावली, डोमिनिकनपेक्षा हा कसा भारी, भोपाळच्या अमक्याला हाच सुचवला पाहिजे, असं ठरलं. तिघांच्या चेहऱ्यावर एक सुटका होती. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं, माझ्याकडे तर नाहीच. आणि शेवटचा हिस्सा उरला तेव्हा तो नेहमीच्या वाटेने माझ्या हातात आला.

"हाँ मास्टर," शेठजी म्हणाले, "आख़िर में कैसा है?"

मी सिगार उलटा केला. टोक पाहिलं. मग टेबलावरचा कटर उचलला.

"टोक ओलं झालंय," मी म्हटलं. "ड्रॉ अडकतोय."

आणि कापलं. दुसरी चकती पहिलीच्या शेजारी पडली.

मॅनेजरांनी बुटाची लेस बघितली. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि काचा पुसत बसले, किती वेळ पुसत बसले. शेठजींनी हसायचा प्रयत्न केला. "मास्टर, ये क्या? अपने यहाँ तो सिगार में जूठा..."

"जूठा नहीं होता, शेठजी. गीला होता है."

मी तो शेवटचा हिस्सा शांतपणे ओढला. तिघं निकालाची वाट बघत असल्यासारखे बसले होते, सवयीने. मी म्हटलं, "शेवट तुम्हाला पाठच आहे. आज पहिला हिस्सा सांगतो. तो गोड होता. दोन वर्षांत तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत."

"मास्टर," डॉक्टर म्हणाले. पुढे त्यांना काही बोलायचं होतं. मी थांबलो नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, स्पंज ओला करायचा राहिलाय एवढं सांगितलं, दोन्ही चकत्या उचलून खिशात टाकल्या आणि निघालो.

त्यानंतर कुणी बोलवायला आलं नाही. डॉक्टर एकदा रस्त्यात भेटले, आईची चौकशी केली, माझा हात धरून ठेवला आणि सोडला. मला अजूनही ठाम सांगता येत नाही की ते तिघं काय विचार करून तसं करत होते, की काहीच विचार न करता. बहुतेक त्यांनाही सांगता आलं नसतं. कधी कधी तर त्या दिवशी डॉक्टरांना खरंच अ‍ॅसिडिटी होती का, यावर मी विचार करत बसतो.

त्या दुपारी घरी आलो तेव्हा बायको वह्या तपासत होती. मी खिशातून त्या दोन चकत्या काढून तिच्यासमोर ठेवल्या आणि कुठली कशी पडली ते सांगितलं. एक माझ्या तोंडातली, त्यांनी कापलेली. एक त्यांच्या तोंडातली, मी कापलेली.

तिने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "यातली तुमची कुठली?"

मी वाकून पाहिलं. उजेडाकडे धरून पाहिलं. नाकाशी नेली. दोन्ही तपकिरी, दोन्ही ओलसर, दोन्हींना तोच आंबट वास. ज्याच्या जिभेवर भोपाळ-उज्जैनची माणसं विसंबून होती, त्याला सांगता येईना. "ओळखू येत नाही," मी म्हटलं.

तिने दोन्ही चकत्या कागदाने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले आणि मला म्हणाली, "जा, तुम्ही पण धुवा. जेवायला वाढते."